किरायाची खोली, घरचे मांजर आणि लेखी करार

वडसा, आरमोरी, अहेरी, सिरोंचा, राजुरा, बल्लारपूर या भागांतून कामधंद्यासाठी नागपूरला जाणाऱ्यांची रीत ठरलेली आहे. आधी घरचा कर्ता एकटा जातो. मोमिनपुरा किंवा टेका नाक्याकडे चार-पाच जणांत मिळून खोली घेतो. गॅरेज, फर्निचर, शिवणकाम, फळे, भंगार, ज्यात हात बसला असेल त्यात जम बसवतो. वर्ष-दोन वर्षांनी मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आणायचे ठरते. इथपर्यंत सारे सुरळीत असते. अडचण येते ती सामानाच्या यादीत कुणी न लिहिलेल्या गोष्टीपाशी. घरात मांजर असते, अंगणात चार कोंबड्या आणि एखादी बकरी असते, मुलांना लळा लागलेला कुत्रा असतो. टेम्पो ठरतो, डिपॉझिट जाते, आणि मग कुणीतरी विचारते, याचे काय करायचे?

आपल्याकडे, जंगलाच्या जिल्ह्यांत, जनावर पाळणे हा शौक नाही. किराणा दुकानदार मांजर ठेवतो ते गोण्या उंदरांपासून वाचाव्यात म्हणून, कापडवाल्याचेही तेच. लाकडाच्या वखारीवर आणि आरागिरणीवर कुत्रा असतो तो राखणीला. बकरी तर घरच्या बाईची बँकच. आजारपण, शाळेची फी, लग्नकार्य, जे आडवे येईल त्याला ती विकली जाते. शहरात गेले की या सगळ्यांना एकच नाव मिळते, 'पाळीव प्राणी', आणि खोली दाखवणारा दलाल पहिल्या पाच प्रश्नांतच ते विचारून घेतो. माणसे किती, काम काय, गाव कोणते, जेवण कसले, जनावर आहे का?

बहुतेक जण इथे गप्प बसतात किंवा दलालच सांगतो की मांजर आहे हे बोलू नका, नंतर कोण बघतो. हा सल्ला फुकट मिळतो, पण महाग पडतो. हिशेबासाठी समजा की महिना ९,००० रुपये किराया आहे, ३०,००० डिपॉझिट आहे आणि दलाली एक महिन्याची आहे. तिसऱ्या महिन्यात मालकाला मांजर दिसले आणि त्याने खोली सोडायला लावली. तीन महिन्यांचा किराया २७,०००, दलाली ९,०००, आणि दारावरचे ओरखडे व वास यांच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेले समजा ६,०००. एकूण ४२,००० झाले. म्हणजे जी खोली ९,००० ची म्हणून घेतली ती महिना १४,००० ला पडली. टेम्पोचे दोन फेरे, बुडालेली मजुरी आणि मुलांची मोडलेली शाळा यात धरलेलीच नाही. लपवून घेतलेली खोली स्वस्त नसते, हा निव्वळ व्यापारी हिशेब आहे.

नकार नावाला की जनावराला?

आपल्या वाचकांना दुसरी एक गोष्ट सांगायला नको. पुष्कळदा फोनवर खोली रिकामी असते आणि नाव सांगितले की ती भरलेली निघते. दिल्ली व भोवतालच्या शहरांत किरायाची घरे शोधणाऱ्यांचा एक अभ्यास प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सवर्ण हिंदू, दलित आणि मुसलमान अशा नावांनी घरे मागून पाहिली, तेव्हा सर्वांत वाईट वागणूक मुसलमानांच्या वाट्याला आली, असे त्यात दिसले. खासगी मालकाने अमक्याला घर दिलेच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही. सहकारी सोसायट्यांच्या बाबतीतही, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, वैध धरला आहे.

जनावराचा मुद्दा इथेच येऊन मिळतो. नावावरून नाही म्हणणे लोकांना आता जरा अवघड वाटते, म्हणून 'आम्ही जनावरवाल्यांना देत नाही' हे सोयीचे कारण पुढे होते. कधी ते खरे असते, कधी नसते. ओळखायची साधी खूण आहे. मांजर माहेरी किंवा गावी ठेवून येतो असे म्हणून पाहावे. तरीही खोली मिळत नसेल तर मांजराचा दोष नव्हता, आणि त्या दारात आणखी वेळ घालवू नये. पण जिथे अडचण खरोखर मांजराचीच आहे, तिथे बोलणी होऊ शकतात आणि ती करावीत.

मालकाचा अधिकार वेगळा, सोसायटीचा वेगळा

इथे आपल्या लोकांची फार गल्लत होते. कुणीतरी सांगते की जनावरांवर बंदी घालणे बेकायदा आहे, आणि माणूस तेवढ्यावर विसंबून डिपॉझिट भरतो. ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सोसायट्यांसाठी व रहिवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला जनावरे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही घालता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. कुत्रा भुंकतो हे बंदीचे कारण होत नाही, लिफ्ट वापरू न देणेही योग्य नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघांची अशी बंदी बेकायदा ठरवली. मात्र शिस्तीचे वाजवी नियम करायला मोकळीक ठेवली. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण सोसायटीच्या सचिवापुढे ठेवायला उपयोगी आहे. भूतदया हे नागरिकाचे कर्तव्य असल्याचे घटनेच्या कलम ५१-अ (छ) मध्येही लिहिले आहे.

पण हे सारे सोसायटीच्या विरुद्ध चालते. फ्लॅटचा मालक म्हणाला की माझ्या घरात जनावर नको, आणि तसे कलम तुम्ही सही केलेल्या करारात असले, तर मंडळाच्या सूचना तुम्हाला वाचवत नाहीत. सही तुमची आहे. म्हणून क्रम असा हवा. आधी मालकाची लेखी संमती घ्यावी, मग सोसायटीशी बोलावे. मालक राजी असेल तर सोसायटीच्या नकाराला उत्तर आहे. मालक राजी नसेल तर सोसायटी कितीही चांगली असून उपयोग नाही.

सोसायटीबद्दल आणखी एक बाब. काही ठिकाणी किरायेदार ठेवला म्हणून, वर जनावर आहे म्हणून, मनाला येईल तो जादा आकार लावतात. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क हे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही, आणि ते भरण्याची जबाबदारी सभासदाची, म्हणजे मालकाची असते. हा आकार किरायात धरला आहे की वेगळा आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

कागद किती खर्चाचा?

अकरा महिन्यांचा कागद केला, नोंदणीची गरज नाही, असे आपल्याकडे अजूनही सर्रास म्हणतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, या जुन्या नियमातून हा समज आला. महाराष्ट्रात तो चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे किरायाचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि किरायेदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर खोली दिली याबद्दल किरायेदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

खर्चाचे भय बाळगू नये. वरच्याच उदाहरणात पाहू. अकरा महिन्यांचा किराया ९९,००० होतो. परत मिळणाऱ्या ३०,००० च्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेली रक्कम अकरा महिन्यांसाठी २,७५० होते. बेरीज १,०१,७५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे २५५ रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. शिवाय संगणकीय हाताळणीचा थोडा आकार आणि एजंट घेतला तर त्याची मजुरी. आधार कार्ड व अंगठ्याच्या ठशावर हे काम आता ऑनलाइन होते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दिवस मोडावा लागत नाही. हा खर्च मालकाने व किरायेदाराने निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असे ठरवता येते.

उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, लिहिणारा न्यायी असावा, साक्षीदार घ्यावेत, असा आदेश कुरआनमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. डिपॉझिट म्हणजे तरी काय, आपण मालकाला दिलेली मुदतीची रक्कमच. तरीही आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच माणसाची खोली घेताना 'भाई, आपसात कागद कशाला' असे म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

कराराच्या छापील मसुद्यात जनावरांबद्दल बहुधा काहीच नसते किंवा 'जनावरे ठेवू नयेत' अशी एक ओळ असते. ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नये. ती काढून तिच्या जागी काहीसे असे लिहून घ्यावे:

"लायसेन्सी यांच्या कुटुंबात एक मांजर (रंग करडा, मादी, लसीकरण झालेले) असून ते सदर जागेत ठेवण्यास लायसेन्सर यांची संमती आहे. मांजरामुळे दारे, खिडक्या किंवा भिंती यांचे नुकसान झाल्यास लायसेन्सी हे प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च, कमाल अमुक रुपयांपर्यंत, देतील. शेजाऱ्यांची तक्रार आल्यास लायसेन्सर लेखी कळवतील व ती दूर करण्यास लायसेन्सी यांना ३० दिवसांची मुदत राहील."

यातले मधले वाक्य सगळ्यांत मोलाचे. 'नुकसान भरून देईन' एवढेच लिहिले तर डिपॉझिट कापायला मालक मोकळा. 'प्रत्यक्ष खर्च' आणि 'कमाल' हे दोन शब्द असले की त्याला पावती दाखवावी लागते. खोलीचा ताबा घेताना दारांचे, भिंतींचे, संडास-मोरीचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. मालक कचरत असेल तर जनावरासाठी दोन-तीन हजार जास्त डिपॉझिट देऊ करावे. ते परत मिळणारे असते. दर महिन्याचा किराया वाढवून देण्यापेक्षा हे केव्हाही परवडते.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायाहून अधिक घेऊ नये, असे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. पण तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय त्या राज्यात लागू होत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर भांडण करू नये.

कोणते जनावर नेता येते?

मांजराचे सर्वांत सोपे. आपल्या मोहल्ल्यांत मांजराला कुणी नाही म्हणत नाही. ते घरात फिरणारे जीव आहे, नापाक नाही, हे हदीसच्या आधाराने सर्वांना ठाऊक आहे. आयते उंदीर मारणारे म्हणून दुकानदार मालक त्याचे स्वागतच करतो. मागे खोली आणि पुढे गाळा असे जे जोडीचे गाळे असतात, त्यात हा मुद्दा बोलून दाखवावा.

कुत्र्याचे तसे नाही. शिकार, शेत आणि कळपाची राखण यासाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे. घरात बाळगण्याबद्दल मात्र मनाई सांगितली जाते आणि मुसलमान घरमालक बहुधा तेच कारण देतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वखार, गोदाम, गॅरेज किंवा वर्कशॉप किरायाने घेत असाल तर राखणीचा कुत्रा त्या जागेच्या करारात लिहून घ्यावा, राहत्या खोलीच्या नव्हे. महापालिकेकडे त्याची नोंदणी करावी आणि रेबीजची लस दरवर्षी टोचून कार्ड जपून ठेवावे. नागपुरात कुत्र्यांचा प्रश्न तापलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत, असा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अशा वातावरणात कार्ड नसलेला कुत्रा म्हणजे शेजाऱ्याच्या हाती दिलेली काठी.

पोपटाबद्दल सावधान. जंगलाकाठच्या गावांत मिठू पिंजऱ्यात ठेवण्याची जुनी सवय आहे. आपला देशी पोपट, मुनिया, कासव, ससा असे रानातले जीव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. ते पाळणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. गावात कुणी विचारत नाही म्हणून शहरातही विचारणार नाही असे नाही. खोलीवरून भांडण झाले की पहिली तक्रार याचीच जाते, आणि मग डिपॉझिटचा प्रश्न राहत नाही, वन विभागाचा होतो. करारात त्याचे नाव लिहूनही तो कायदेशीर होत नाही. लव्हबर्डसारखे बाजारात मिळणारे परदेशी पक्षी वेगळे. कबुतरे पाळणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि तेव्हापासून फ्लॅटच्या सज्जातली कबुतरे शेजाऱ्यांना पूर्वीपेक्षा जास्त खुपतात.

राहिल्या कोंबड्या आणि बकरी. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ही जनावरे पाळता येतील, अशी आशा धरू नये. महापालिका हद्दीत गुरेढोरे ठेवण्याला परवान्याचे नियम आहेत आणि तिथे शेजाऱ्यांची तक्रार खरी ठरते. बकरी ईदच्या आधी दोन दिवस बकरे आणून ठेवण्याचा प्रश्न आपल्यापुढे दरवर्षी येतो. जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका सोसायटीत यावरूनच गर्दी जमली, पोलीस बोलवावे लागले. त्याच ईदच्या आदल्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतील एका वसाहतीच्या बाबतीत स्पष्ट केले की महापालिकेचा परवाना नसेल तर तिथे कुर्बानी होऊ देऊ नये. तेव्हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कुर्बानीची व्यवस्था महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी किंवा सरळ गावी करावी, आणि बकरा दोन दिवस ठेवायचाच असेल तर सचिवाला आधी लेखी कळवावे.

गावच्या बकऱ्या विकून टाकण्याची घाई मात्र करू नये. शहरात जम बसेल की नाही हे पहिल्या वर्षी कळत नाही. नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाकडे त्या बटईने ठेवण्याची रीत आपल्या भागात आहेच. पाळणारा चारापाणी बघतो, पिल्ले वाटून घेतात. या व्यवहाराच्या शरई बाजूबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आपल्या आलिमांना विचारून तो योग्य रीतीने बांधावा. आणि हाही कागदावर घ्यावा. किती बकऱ्या, कोणत्या रंगाच्या, वाघ-बिबट्याने नेली तर कुणाचे नुकसान, सारे त्यात असावे.

चंद्रपूरच्या कडेला मालक का घाबरतो?

प्रत्येक जण नागपूरला जातो असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातून चंद्रपुरात येऊन राहणारे पुष्कळ आहेत. महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी यांच्या आधारावर चालणारे शेकडो छोटे धंदे आहेत. घुटकाळा, रहमतनगर, बाबूपेठ इथे खोल्या मिळतात. स्वस्त हवी म्हणून माणूस दुर्गापूर, ऊर्जानगरच्या बाजूला सरकतो. तिथला घरमालक जनावराला नाही म्हणाला तर त्याला कटकट्या समजू नये.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले. वीज केंद्राची झुडपे, खाणींचे मातीचे ढिगारे आणि ताडोबाचे जंगल एकमेकांना लागून आहे. बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्रा, बकरी, कोंबडी यांच्या वासावर. उघड्यावर बांधलेली बकरी म्हणजे मालकाच्या अंगणात बिबट्याला दिलेले आमंत्रण. त्याची पोरेही त्याच अंगणात खेळतात.

अशा वस्तीत खोली घेताना किरायापेक्षा गोठ्याकडे आधी पाहावे. चारी बाजूंनी बंद, वर छप्पर, आतून कडी लागणारी जागा आहे का? अंगणात दिवा आहे का? संडास घरात आहे की झुडपाजवळ? बंद गोठा नसेल तर तो बांधण्याचा खर्च कुणी करायचा, आणि खोली सोडताना पत्रे कुणाचे, हे करारात लिहावे. सुतार किंवा वेल्डिंगवाला किरायेदार असेल तर तो हे काम स्वतः करून एका महिन्याच्या किरायात वळते करून घेऊ शकतो, मालकालाही ते आवडते. एवढे करूनही वाघ-बिबट्याने गाय, बैल, म्हैस, बकरी मारली तर वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवावे लागते, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. जनावर आपले असल्याचा पुरावा मागतात. करारातला उल्लेख तिथेही कामाला येतो.

स्वस्त आणि जनावर चालेल अशी जागा कुठे शोधावी?

उंच इमारतीतला फ्लॅट ही अशा कुटुंबाची पहिली निवड नसावी. नागपुरात जाफरनगर, गिट्टीखदान, ताजबाग, हसनबाग, यशोधरानगर या भागांत अजून स्वतंत्र घरे पुष्कळ आहेत. खाली मालक आणि वर किरायेदार, किंवा मागच्या अंगणात दोन खोल्या. तिथे सोसायटी नाही, सचिव नाही, एकाच माणसाला राजी करायचे असते. तळमजल्याची खोली, तिला मागचे दार आणि पत्र्याची शेड असेल तर रंग उडालेल्या भिंतींकडे दुर्लक्ष करावे. नव्या रंगाच्या खोलीचा मालक ओरखड्याला जास्त जपतो. दलालापेक्षा मशिदीतले नमाजी, गॅरेजचे मिस्त्री, दूधवाला यांच्याकडून खबर लवकर मिळते आणि दलालीही वाचते. खोली पाहायला जाताना पहिल्याच भेटीत जनावराचे सांगून टाकावे, लसीचे कार्ड सोबत न्यावे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे. तिथे दाखवून घेतलेला कागद घरमालकाला समाधान देतो.

आपल्या वाचकांत स्वतः खोल्या किरायाने देणारे व्यापारीही थोडे नाहीत. त्यांनी दुसरी बाजू पाहावी. जनावरासह राहणाऱ्या कुटुंबाला दुसरी जागा सहजी मिळत नाही, म्हणून ते वारंवार खोली बदलत नाही आणि किराया चुकवून मालकाला नाराज करत नाही. खोली दोन महिने रिकामी राहण्याचे नुकसान एका दाराच्या पॉलिशपेक्षा मोठे आहे. नोंदणी न करण्यात जोखीम मालकाची आहे, हे वर आलेच आहे. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहितीही मालकानेच द्यायची असते. तिची एक प्रत किरायेदाराने मागून घ्यावी.

खोली सोडताना

मुदत संपल्यावर न सोडता बसून राहू नये. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा अडवून ठेवली तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई देण्याची पाळी येते. नूतनीकरण करायचे तर नव्या करारात जनावराचे कलम पुन्हा आले आहे ना, हे पाहावे. मधल्या काळात मांजराला पिल्ले झाली असतील तर संख्या बदलावी लागते. यावरूनही वाद झालेले आहेत.

गावी परतताना किंवा दुसरीकडे जाताना जनावर तिथेच सोडून जाणारे लोक आहेत. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच, म्हणजे या कायद्याचा धाक कुणाला वाटत नाही. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचे काय झाले आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला काय मिळाले, हे हदीसमध्ये आलेले आपल्याकडे पोरांनाही पाठ असते.

नेण्याची सोय अवघड नाही. मांजर जाळीच्या टोपलीत टेम्पोतून जाते. चंद्रपूर-नागपूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पहाटे निघाले तर ऊन चढण्याआधी पोहोचता येते. सिरोंच्याहून येणाऱ्याला साडेतीनशेहून अधिक किलोमीटर पडतात, त्याने मध्ये गडचिरोलीला थांबा घ्यावा. कुत्रा रेल्वेने न्यायचा असेल तर स्लीपर किंवा थ्री-टायरच्या डब्यात नेता येत नाही. एकतर पहिल्या वर्गाच्या एसीत पूर्ण कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गाडी सुटण्याच्या पुरेसे आधी पार्सल ऑफिसात पैसे भरून गार्डच्या डब्यातल्या पेटीत द्यावा लागतो. लसीचे कार्ड तिथेही मागतात. उन्हाळ्यात त्या पेटीत जनावर घालू नये. मे महिन्यातला चंद्रपूरचा पारा सगळ्यांना माहीत आहे.